उणे पाण्याची भाषा

एप्रिल-मे महिन्यात कुर्डुवाडी जंक्शनबाहेरच्या चहाच्या टपरीवर उजनी धरणाविषयीचा एक प्रश्न हमखास कानावर येतो. "उजनी किती?" वर्तमानपत्र वाचणारा मान वर न काढता सांगतो, "उणे अडतीस." विचारणारा मान डोलावतो आणि बोलणं उसाच्या बिलाकडे वळतं. शेजारी दप्तर घेऊन उभं असलेलं पोर मात्र तिथंच अडतं. उणे संख्या त्यानं गणितात पाहिलेली असते, दुकानाच्या उधारीतही ऐकलेली असते. पण पाणी उणे कसं असेल? कळशीत पाणी असतं किंवा नसतं. नसण्यापेक्षाही कमी पाणी असतं तरी कसं?

प्रश्न अगदी योग्य आहे आणि मोठ्या माणसांनी तो विचारायचं सोडून दिलं आहे. त्याचं उत्तर शोधताना आधी थोडं धरणाचं शास्त्र लागतं आणि मग बरंच भाषेचं. कारण पाण्याविषयी आपण, आपले पुढारी आणि आपले शासन निर्णय जे शब्द वापरतात, त्यांवर ते पाणी पुढे कुठे जाणार हे बऱ्याच अंशी ठरतं. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या माढा तालुक्यात हे जितकं उघड दिसतं, तितकं फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

रांजणाची तोटी

जुन्या घरात पाण्याचा रांजण असायचा आणि त्याला तोटी असायची. तोटी तळाशी नसते, तळापासून वीतभर वर असते. त्यामुळे पाण्यातला गाळ खाली बसतो आणि भांड्यात स्वच्छ पाणी येतं. तोटीतून थेंब पडेनासा झाला की घरातली माणसं म्हणतात, "रांजण संपला." खरं तर तोटीच्या खाली पाणी असतंच. वाटी घालून ते काढताही येतं.

धरणाचंही असंच असतं. धरण बांधताना अभियंते एक रेघ ठरवतात. नदीबरोबर येणाऱ्या गाळाला वर्षानुवर्षं जागा हवी, आणि कालव्यात पाणी उताराने जाण्यासाठी त्याला ठरावीक उंचीही हवी, असा दुहेरी विचार त्या रेघेमागे असतो. रेघेच्या वरचं पाणी म्हणजे 'उपयुक्त साठा'. रेघेखालचं पाणी म्हणजे 'मृत साठा'. रोजच्या बातमीतली टक्केवारी फक्त वरच्या पाण्याची असते. रेघेवर शून्य, काठोकाठ शंभर.

आता उजनीचे आकडे पाहा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या, यशवंतसागर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या धरणात काठोकाठ भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं उपयुक्त ५३.५७ टीएमसी आणि मृत ६३.६६ टीएमसी. म्हणजे उजनी 'शून्य टक्के' असते तेव्हाही ती निम्म्याहून जास्त भरलेली असते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणं एकत्र केली, तरी त्यांच्या उपयुक्त साठ्याच्या दुपटीहून जास्त पाणी उजनीच्या शून्याखाली आहे.

हे पाणी काढता येतं. नदीत सोडता येतं, मोटारीने उपसता येतं. बॅकवॉटरच्या गावांतले शेतकरी पाणी मागे सरकेल तसे पाइप वाढवतात, वायर ओढतात, चर खणतात. असं रेघेखालचं पाणी काढलं की टक्केवारी शून्याच्या खाली जाते. उणे ५० टक्के याचा अर्थ उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं, म्हणजे सुमारे २६.८ टीएमसी पाणी रेघेखालून उचललं गेलं. धरणात तेव्हा सुमारे ३७ टीएमसी शिल्लक असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्या खाली गेली होती आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा गेली.

टीएमसी हा शब्दही आपण इतक्या सहज उच्चारतो की त्याचा आकार नजरेसमोर येत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कुर्डुवाडीकरांसाठी दुसरं एक माप आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. तिचं नाव 'जलदूत'. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा तिचा मार्ग. एके काळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी ज्या वाटेने कापूस आणि वारकरी नेत असे, त्याच वाटेने आता पाणी चाललं होतं. सुरुवातीला दहा वाघिणी, पुढे पन्नास. पन्नास वाघिणींच्या एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी जायचं. एक टीएमसी पाणी वाहायला अशा गाडीच्या अकरा हजारांहून जास्त खेपा लागतील.

हेच माप शेताला लावून बघू. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाची गरज कमीत कमी धरली आणि पावसाचा थेंब न् थेंब मुळाशी पोचला असं मानलं, तरी एकरी सुमारे ३८ लाख लिटर पाणी बाहेरून आणावं लागतं. एका एकराला दीड जलदूत. ज्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, त्या जिल्ह्याला हा हिशोब सांगायला कोणतीही नवी संज्ञा लागत नाही. तरी सभेत तो कुणी सांगत नाही.

'मृत' कोणासाठी?

मृत साठा हा अभियांत्रिकीतला सरळ शब्द आहे आणि तो बनवणाऱ्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. पण शब्द कागदावरून चावडीवर येतो तेव्हा त्याचा कोशातला अर्थही बरोबर येतो. जे मृत आहे, ते वापरलं तर काय बिघडलं?

वास्तविक त्या पाण्यात उजनीचं सगळं जिवंतपण साठलेलं असतं. उन्हाळ्यात मासे तिथंच तग धरतात आणि मासेमारांची पोटं त्यावर चालतात. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी उथळ पाण्यावर आणि चिखलावर जगतात. पाऊस लांबला तर गावागावांचं पिण्याचं पाणीही याच साठ्यातून येतं. 'उपयुक्त' शब्दाचंही तसंच आहे. कालव्यात जाणारं पाणी उपयुक्त. मग माशाला, पक्ष्याला, नदीच्या पात्राला आणि अडीअडचणीला लागणारं पाणी काय म्हणायचं?

आणि उणे टक्केवारी? पूर्वी शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी वेगळी असायची. खायचं धान्य संपलं तरी तिला हात लावायचा नाही, असा नेम होता. लावावाच लागला तर सगळ्या घराला कळायचं की आज आपण बियाणं खातोय. 'उणे अडतीस' या आकड्यात ती जाणीव उरत नाही. शून्यापाशी जी भिंत असायला हवी होती, तिथं आपण मोजपट्टी पुढे वाढवली. उणे दहा, उणे वीस, उणे चाळीस. आकडा दर दिवशी एक पायरी उतरतो आणि उतरत जाणं अंगवळणी पडतं. पाऊस आला की "उजनी प्लसमध्ये आली" म्हणून पेढे वाटले जातात. पावसाचं पहिलं पाणी खाल्लेलं बियाणं भरून काढण्यात गेलं, हे त्या आनंदात कुणी बोलत नाही. शंभर टक्क्यांची बातमी आली की पुढच्या उसाच्या लागणी ठरू लागतात.

शब्द ते पाणी : प्रवास कसा होतो

नुसत्या बोलण्याने पाण्याला काय होतं, असं वाटू शकेल. पण कारभारात शब्दाला हातपाय फुटतात. आधी परिस्थितीला नाव मिळतं. नाव मिळालं की ती एखाद्या वर्गात बसते. वर्ग ठरला की शासन निर्णय निघतो. शासन निर्णयाबरोबर पैसा येतो किंवा अडतो, आणि त्याच्या मागे टँकर, कालव्याचं आवर्तन, वीजबिलाची सवलत येते. घरातल्या डब्यासारखं हे आहे. चिठ्ठी 'साखर' अशी लावली तर डबा चहापाशी जातो, 'मीठ' अशी लावली तर आमटीपाशी. आत काय आहे ते चाखून बघेपर्यंत चिठ्ठीच खरी.

'दुष्काळ' या शब्दाचा आपल्या राज्यातला प्रवास याचा सगळ्यात ठळक दाखला आहे. इंग्रजांच्या काळापासून कायद्यांत 'फॅमिन' हा शब्द होता. तो उपासमारीच्या दुष्काळासाठी. पाऊस न पडण्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. मराठी माणूस दोन्हींना दुष्काळच म्हणतो. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा केला आणि राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला. कारण असं दिलं गेलं, की शेतीच्या स्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं आणि टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते. त्यामुळे या शब्दाला आता वाव उरला नाही. त्याच्या जागी आली 'टंचाई'. नऊच वर्षांनी १९७२ साल उजाडलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं खडी फोडत आणि माती वाहत होती. कायद्यातून गेलेला शब्द सोलापूर जिल्ह्यात कुणाच्याच तोंडातून गेला नाही. आजही म्हातारी माणसं आपलं वय "बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो" असं सांगतात.

टंचाई आणि दुष्काळ यांत फरक काय? टंचाई सिमेंटची असते, रॉकेलची असते, सुट्या पैशांची असते. ती आज आहे, उद्या माल आला की मिटते. दुष्काळ म्हटलं की काळच वाईट आला. मग का आला, कुणावर आला, सरकारने काय केलं, हे विचारावंच लागतं. दुष्काळात कोठार उघडणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे इतकी जिवंत राहिली, कारण दुष्काळ म्हटला की 'कोठार कुणी उघडलं?' हा प्रश्न त्याच्या पोटात असतो.

पुढे तिसरा शब्द आला, 'दुष्काळसदृश'. २०१५ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने हजारो गावांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. सदृश म्हणजे सारखं दिसणारं. मे २०१६ मध्ये, न्यायालयांत दुष्काळाचे खटले चालू असताना, सरकारने आदेश काढला की आधीच्या निर्णयांत जिथे 'दुष्काळसदृश' लिहिलं आहे तिथे 'दुष्काळ' असं वाचावं. जमिनीवर त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं. विहिरी तितक्याच कोरड्या होत्या. एक विशेषण गळालं आणि २९ हजारांहून जास्त गावं दुष्काळी झाली.

तोपर्यंत पिकाची 'पैसेवारी' ५० पैशांखाली आली की गावात टंचाई मानली जायची. केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये नवी नियमावली आणली. पाऊस, पेरणी, जमिनीतली ओल, पिकांचा हिरवेपणा, भूजल अशा निकषांवर दुष्काळ 'मध्यम' की 'गंभीर' हे ठरू लागलं. 'सदृश' नावाचा वर्ग त्या नियमावलीत नाही. तरी शब्द गेला नाही. २०२३ मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बार्शी, सांगोला, माळशिरस, करमाळा आणि आपला माढा होता. त्यानंतर एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत पुन्हा 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी या राज्याच्या सवलती दोन्हींकडे सारख्या. पण केंद्राच्या दारात मदत मागायची तर यादी दुष्काळाची लागते, सदृशची चालत नाही.

याच्यामागे कुणी दुष्ट बसला आहे असं मला वाटत नाही. शब्द सौम्य केला की खर्च आवरता येतो आणि घबराटही आवरते, हे कुठल्याही सरकारला कळतं. अमेरिकेत २००२ च्या सुमारास फ्रँक लुंट्झ या सल्लागाराने रिपब्लिकन पक्षाच्या नेत्यांना सुचवलं होतं की जागतिक तापमानवाढ म्हणू नका, हवामान बदल म्हणा. तो शब्द कमी भीतिदायक आहे. नाव सौम्य झालं की काम पुढे ढकलायला सवड मिळते. सोलापूरच्या शेतात मात्र पाण्याची पातळी त्या सवडीतही खाली जात असते.

[चौकट] हे शब्द कानावर पडले तर

*टीएमसी* : एक अब्ज घनफूट पाणी, सुमारे २,८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे साधारण २८ लाख टँकर.
*उपयुक्त साठा* : ठरवलेल्या रेघेवरचं पाणी. बातमीतली टक्केवारी याचीच.
*मृत साठा* : त्या रेघेखालचं पाणी. उजनीत ६३.६६ टीएमसी.
*आवर्तन* : कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडण्याची पाळी. ती कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते.
*टेल* : कालव्याचं शेवटचं टोक. तिथल्या शेतकऱ्याला पाणी सर्वांत शेवटी मिळतं, आणि बऱ्याचदा मिळतच नाही.
*पैसेवारी* : पूर्ण पीक म्हणजे रुपया धरून, प्रत्यक्ष पीक त्यातले किती पैसे आलं याचा अंदाज.

एकाच नोटेच्या दोन नोंदी

एप्रिल २०२१ मध्ये एका शब्दावरून सोलापूर जिल्हा पेटला. उजनीतून इंदापूर तालुक्यासाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेचं सर्वेक्षण करण्याचा आदेश निघाला होता. तेव्हाचे सोलापूरचे पालकमंत्री इंदापूरचेच आमदार, त्यामुळे आग आणखी भडकली. समर्थनाचा मुद्दा असा होता, की हे सोलापूरच्या वाट्याचं पाणी नाहीच. पुणे परिसरात वापरून झालेलं, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येणारं हे 'सांडपाणी' आहे. रास्ता रोको झाले, निवेदनं गेली आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला.

कोण बरोबर होतं हे बाजूला ठेवू. शब्दाने काय केलं ते पाहा. नदीत पाणी तेवढंच होतं. पण त्यातल्या एका भागाला वेगळं नाव दिल्याबरोबर हिशोबाच्या वहीत नवीन जमा दिसू लागली. शंभराची एकच नोट बापाने आपल्या वहीत लिहावी आणि मुलानेही आपल्या वहीत लिहावी. दोघांच्या वहीत मिळून दोनशे होतात, घरात मात्र शंभरच असतात. महाराष्ट्रातल्या पाण्याच्या कितीतरी भांडणांचं मूळ अशा दुहेरी नोंदीत आहे.

मला याहून जास्त सल दुसऱ्या गोष्टीची आहे. ज्या पाण्याला सांडपाणी म्हणून वाटून घ्यायचं की नाही यावर महिनाभर रण माजलं, ते खरोखरच सांडपाणी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण घेऊन मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी भीमेला मिळतात आणि ती घाण उजनीत येऊन थांबते. जलपर्णी माजते, पाण्याला हिरवा तवंग येतो, काठावर वास येतो. हेच पाणी सोलापूर शहर पितं, आणि चंद्रभागा म्हणून पंढरपुरात वारकरी याच भीमेत स्नान करतो. त्या महिन्यात 'किती पाणी' हे दोन्ही बाजू बोलल्या. 'कसलं पाणी' हे फार थोडे बोलले. कारण भांडणाची सगळी भाषा मालकीची होती, आणि मालकीच्या भाषेत पाण्याच्या प्रकृतीला जागा नसते.

हक्काचं, पळवलेलं आणि वाया गेलेलं

आपल्याकडच्या कुठल्याही निवडणुकीतलं पाण्यावरचं भाषण घ्या. पाणी 'हक्काचं' असतं. ते कुणीतरी 'पळवलेलं' असतं. आणि जे उरतं ते समुद्रात 'वाया' जात असतं. या तीन शब्दांत एक अख्खं जलधोरण मावतं.

'हक्काचं' या शब्दाला कायद्याचा पाया आहे. कृष्णा खोऱ्यातलं पाणी राज्याराज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. त्यातून एक घोषणाच तयार झाली, की त्या तारखेआधी पाणी अडवलं नाही तर ते गेलं. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं आणि कामांचा धडाका सुरू झाला. हक्क नोंदवायचा म्हणजे धरण बांधायचं; ते पाणी कोणत्या पिकाला, किती काळ आणि खालच्या नदीचं काय, हे नंतर बघू असं झालं. लग्नाच्या पंगतीत पान राखायला रुमाल टाकावा तशी काही कामं सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं अपुरी राहिली.

'पळवलं' या शब्दामुळे प्रत्येक खोऱ्याला एक चोर मिळतो. मराठवाड्यासाठी चोर नाशिक-नगर, सोलापूरसाठी पुणे, माढ्याच्या टेलसाठी हेडचा, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचा शेतकरी. चोर सापडला की आपल्या रानातल्या पिकाकडे बघावं लागत नाही.

आणि 'वाया'. हा शब्द नेहमी वरच्या अंगाचा माणूस उच्चारतो. पुण्याच्या धरणांखाली वाहणारं पाणी पुण्याला वाया वाटतं, पण त्यावरच आपली उजनी भरते. उजनीखालून वाहणारं पाणी आपल्याला वाया वाटतं, तेच पुढे कर्नाटकात विजयपुरा आणि कलबुर्गीच्या भीमाकाठच्या गावांचं पिण्याचं पाणी असतं. तिथून उन्हाळ्यात भीमेत पाणी सोडण्याची मागणी होते तेव्हा आपणच "आमचं पाणी" म्हणून उभे राहतो. पुण्याने आपल्याला जे ऐकवलं त्याचा राग आपल्याला आहे, आणि तेच आपण खालच्यांना ऐकवतो. नदीचं पाणी नदीतून वाहतं तेव्हा पात्रातली वाळू ओली राहते, काठच्या विहिरींना पाझर फुटतो, खाडीच्या तोंडाशी मासे वाढतात. यातलं काहीही कुणाच्या सातबाऱ्यावर येत नाही, म्हणून भाषेत त्याला नाव नाही.

शाश्वतचे दोन अर्थ

आता ज्या शब्दावर पर्यावरणाची सगळी भिस्त आहे, तो शब्द. १९८७ मध्ये नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने जगापुढे एक कल्पना ठेवली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची क्षमता न हिरावता. मराठीत त्याला 'शाश्वत विकास' म्हणू लागले. कल्पनेच्या गाभ्यात एक मर्यादा होती : उचलायचं ते भरून येण्याइतकंच.

पण 'शाश्वत' हा आपला जुना शब्द. कीर्तनात तो अविनाशी या अर्थाने येतो; व्यवहारात त्याचा अर्थ झाला 'खात्रीचं'. ऊसपट्ट्यात शाश्वत पाणी म्हणजे बारा महिने हमखास मिळणारं पाणी. "शाश्वत पाण्याची सोय झाली" हे वाक्य ऐकताना शेतकऱ्याला हायसं वाटतं आणि तो ऊस लावतो. एकच शब्द, एका कानाला 'जपून घ्या' असा ऐकू येतो, दुसऱ्या कानाला 'कमी पडणार नाही' असा. पुढारी तो उच्चारतो तेव्हा दोन्ही कान खूश होतात, हीच त्याची सोय आहे.

'मुक्त' हा प्रत्ययही असाच. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, त्याचं ध्येयवाक्य होतं 'टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९'. दर वर्षी पाच हजार गावं घ्यायची होती. नाले खोल-रुंद झाले, बंधारे झाले, काही गावांत विहिरींना खरोखर पाणी वाढलं. गावं 'जलपरिपूर्ण' जाहीर होऊ लागली. मग २०१८ चा पाऊस ओढला आणि १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. अभियानावर ९,६३३ कोटींहून अधिक खर्च झाल्याचं आणि भूजल वाढवण्याचा व गावं पाण्याने स्वयंपूर्ण करण्याचा हेतू पुरेसा साधला नसल्याचं महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालात आहे. जलपरिपूर्ण म्हणजे काय, याचा हिशोब साठवण किती बांधली यावर होता. उपसा किती होतो, याला त्या शब्दात जागाच नव्हती. परिपूर्ण झालेल्या गावात कुणी नवं बोअर घेतलं तर पूर्णत्व कुठे जातं?

शेततळ्याचंही हेच झालं. शेतात पडलेला पाऊस अडवायचं खड्ड्यातलं तळं, हा मूळ अर्थ. पुढे त्याला प्लास्टिकचा कागद आला आणि कितीतरी ठिकाणी ते बोअरच्या पाण्याने भरू लागलं. जमिनीखाली गारव्यात असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, आणि तेही एकाच्या कुंपणात. पाट्यांवर, अर्जांवर आणि छायाचित्रांवर नाव मात्र शेततळंच राहिलं.

ज्या शब्दांत मर्यादा आहे

मराठीत मर्यादा सांगणारे शब्द नाहीत असं नाही. 'आठमाही' हा असाच शब्द. कालव्याचं पाणी वर्षातले आठ महिने द्यायचं, उन्हाळ्याची सोय विहिरीवर आणि कमी पाण्याच्या पिकावर करायची. १९८० च्या दशकात या धोरणाची राज्यभर चर्चा होती. शब्दातच वेळेची रेघ ओढलेली होती. पण ऊस बारमाही, कारखाना बारमाही पाण्याच्या भरवशावर. आठमाही हा शब्द हळूहळू सभांतून नाहीसा झाला.

पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्याचा गाभा चार शब्दांत सांगता येतो : माणशी अर्धा एकर पाणी. जमीन कितीही असो, पाणी घरातल्या माणसांच्या हिशोबाने, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. 'हक्काचं पाणी' इथंही होतं, पण त्या हक्काला माप होतं, आणि शेजाऱ्याच्या हक्कापाशी तो थांबत होता. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार आणि ग्रामसभा दर वर्षी पाण्याचा 'ताळेबंद' मांडतात. पाऊस किती पडला, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतील. ताळेबंद हा वाण्याच्या वहीतला शब्द. त्यात जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला लिहावाच लागतो. नुसती जमा मिरवता येत नाही.

उजनीच्या बातमीलाही तो शब्द लावून बघू. समजा मे महिन्याचा एखादा दिवस आहे आणि मथळा आहे, 'उजनी उणे ५० टक्के'. तीच बातमी ताळेबंदाच्या भाषेत अशी लिहिता येईल :

'भीमेवरच्या उजनी जलाशयात आज सुमारे ३७ टीएमसी पाणी आहे. तळाशी साचलेला गाळ यातून वजा केलेला नाही. गाळासाठी आणि अडीअडचणीसाठी राखलेल्या पाण्यातून आतापर्यंत २६.८ टीएमसी उचललं गेलं आहे. येत्या पावसात धरणात येणारं पहिलं २६.८ टीएमसी पाणी ही उसनवारी फेडण्यात जाईल, आणि ते पाणी वाटेत पुण्याचं सांडपाणी घेऊन येईल.'

स्टेशनबाहेरच्या टपरीवर दप्तर घेऊन उभ्या असलेल्या त्या पोराला ही बातमी वाचून दाखवली तर तिच्यात त्याला अडायला काही नाही. पाणी कुठेही उणे नाही, म्हणून त्याचा पहिला प्रश्न मिटेल. मग तो दुसरा विचारेल : ते २६.८ टीएमसी नेलं कुणी?